वीज गेली की धंद्यांचं नुकसान किती? ताशी उलाढाल गुणिले अंधाराचे तास?

हे सूत्र नुकसान फुगवतं, कारण वीज आल्यावर कारखाने ओव्हरटाइम करून राहिलेलं उत्पादन भरून काढतात, हा आक्षेप मला पटतो. कॅलिफोर्नियातल्या १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपावरच्या अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम रोझ यांच्या कामातही ही भरपाई धरली आहे. पण सरसकट तेच गृहीत धरलं तर गाडी दुसऱ्या बाजूला घसरते.

६ सप्टेंबर २०१८ ला पहाटे जपानच्या होक्काइदोत ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. बेटाची जवळजवळ निम्मी वीज तेव्हा तोमातो-आत्सुमा या एकाच कोळशाच्या केंद्रातून येत होती (हे नियोजन कुणाचं, देव जाणे). ते बंद पडलं आणि वीसेक मिनिटांत अख्खं बेट अंधारात. बहुतेकांची वीज दोन दिवसांत आली, म्हणजे सूत्राच्या हिशेबाने किरकोळच. पण गाई थांबत नाहीत. धार काढली नाही तर कास सुजते. ज्यांच्या गोठ्यात जनरेटर होता त्यांनी धारा काढल्या, आणि तरीही दूध ओतून दिलं. बहुतेक डेअऱ्याच बंद, घेणार कोण? हे दूध कुठल्याही ओव्हरटाइमने परत येत नाही. नुकसान मोजायच्या पाहणीत नुसतं 'जनरेटर आहे का?' विचारलं तर असा गोठा 'सुरक्षित' रकान्यात जातो. माल घेणाऱ्याकडे वीज आहे का, हेही विचारायला हवं. इनपुट-आउटपुट तक्त्यात (कुठला उद्योग कुठल्या उद्योगाकडून किती माल घेतो, याचा तक्ता) ते दिसत नाही, तिथे सगळ्या डेअऱ्या मिळून एकच ओळ असते.