शब्दचर्चा : आरोग्य खात्याची पुनर्रचना की पुनर्गठन?

अमळनेरकर : स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयावर टिपण करतोय. खात्याचं 'पुनर्गठन' म्हणावं की 'पुनर्रचना'? शिवाय कार्य, कर्तव्य, जबाबदारी आणि उत्तरदायित्व एकाच परिच्छेदात आले की मुलं गडबडतात.

धुळेकर : समितीचं पुनर्गठन, खात्याची पुनर्रचना. समितीत माणसं बदलतात, खात्यात चौकटच बदलते. हिंदी पुस्तकांत सरसकट पुनर्गठन असतं, तिथून ते आपल्याकडे शिरलं. 1956 ला आपण मराठीत राज्य पुनर्रचनाच म्हणतो ना? आणि नुसते मंत्री इकडचे तिकडे झाले तर तो खातेबदल.

निवृत्त हेडक्लार्क, जळगाव : भाऊ, धुळेकरांचं बरोबर, पण 'पुनर्रचना' म्हणून मोकळं होऊ नका. नेमकं काय झालं ते लिहा. 1995 मध्ये भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथी हा वेगळा विभाग झाला, ही निर्मिती. 2003 मध्ये त्याचं 'आयुष' झालं, हे नामांतर. 2014 मध्ये त्याचं स्वतंत्र मंत्रालय झालं, म्हणजे दर्जा वाढला. त्याच वर्षी एड्स नियंत्रण विभाग आरोग्य विभागात गेला, ते विलीनीकरण. चारही गोष्टींना 'पुनर्रचना' म्हटलं तर पोराला काय कळणार?

आणखी एक खास आपला शब्द : 'वर्ग करणे'. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं तेव्हा जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे वर्ग झालं. गेट तेच आणि केसपेपरची रांगही तीच. लोक अजून 'सिव्हिल'च म्हणतात. कागदावर मात्र मालक बदलला.

नंदुरबारची ताई : आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तर ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. पेशंट एकीकडून दुसरीकडे पाठवला की पहिला प्रश्न : हाई काम कोनं शे? म्हणजे, हे काम कोणाचं आहे? या 'कोनं'साठी चारपैकी कोणता शब्द?

निवृत्त हेडक्लार्क, जळगाव : ताई, शब्दामागचा प्रत्यय बघा. कार्य विभागाकडे सोपवलं जातं आणि कर्तव्य पदाला चिकटतं. माणूस बदलला तरी कर्तव्यसूची तीच. जबाबदारी कोणावर तरी असते, म्हणजे काम झालं नाही तर बोट त्याच्याकडे जातं. उत्तरदायी मात्र कोणाला तरी असावं लागतं : मंत्रिमंडळ लोकसभेला उत्तरदायी. 'कोणाला' सांगता येत नसेल तर 'उत्तरदायित्व' हा शब्द वाक्यातून काढून टाका, फुकटचा भारदस्तपणा आहे तो.

धुळेकर : नाना, बोलीत 'जबाबदारी' दोन्हीकडे चालतेच की.

निवृत्त हेडक्लार्क, जळगाव : बोलीत चालू द्या, टिपणात नको.

अमळनेरकर : मग हे वाक्य पाहा : 'देशातील सर्व रुग्णालये व दवाखाने ही केंद्रीय आरोग्य विभागाची जबाबदारी आहे.'

धुळेकर : भाषा ठीक, मजकूर चूक. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत. लोकसंख्या नियंत्रण व कुटुंब नियोजन समवर्ती, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्या, सूचीत, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनंतर. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर नाही म्हणून दिल्लीला जाब विचारून उपयोग नाही.

अमळनेरकर : बदललं : 'आरोग्य संशोधनाचे कार्य 2007 मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य संशोधन विभागाकडे सोपवले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही या विभागाची अधिनस्त संस्था आहे.'

निवृत्त हेडक्लार्क, जळगाव : पहिलं वाक्य राहू द्या. दुसऱ्यात दोन दुरुस्त्या. परिषद स्वायत्त आहे, म्हणून 'विभागांतर्गत स्वायत्त संस्था' लिहा. आणि शासन निर्णयांत कितीही वेळा 'अधिनस्त' छापलेलं दिसलं तरी शब्द 'अधीनस्थ' असा आहे.

नंदुरबारची ताई : आमच्या ऑफिसात तर तो 'अधिनिस्त' झालाय, नाना.