दिक्परिवर्तक म्हणजे नेमकं काय? आणि डायनामो कशाला म्हणायचं?

परभणीकर:
पोरगी दहावीला, मराठी मीडियम. काल विचारायली, बाबा दिक्परिवर्तक म्हणजे काय. मी म्हणलं दिशा बदलणारा, सोप्पंय. तर म्हणती, मग डीसी जनरेटरच्या बाहेर करंट एकाच दिशेनं जातो असं कामून लिवलंय? मी गप. बरं, आपल्याकडं जनरेटर म्हणजे लग्नात मंडपामागं धडधडणारा डिझेलवाला, तो तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट देतो, त्यामुळं अजूनच गोंधळ. सांगा कुणीतरी.

मास्तर नांदेडचे:
पोरीची शंका एकदम बरोबर आहे. कॉइल चुंबकात फिरते तेव्हा अर्ध्या फेरीत करंट एका बाजूनं जातो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत उलट्या बाजूनं, म्हणजे आतमधी कायम एसीच असतो, डीसी जनरेटर असला तरी! आता तांब्याचं कडं मधोमध चिरलंय असं समजा, एकेक अर्धं कॉइलच्या एकेका टोकाला जोडलेलं, ते कॉइलसोबत फिरतं आणि त्याला टेकून करंट बाहेर नेणारे ब्रश जागेवरच बसून राहतात. आतला करंट उलटायची वेळ आली की नेमकी तेव्हाच ही अर्धी कडी आपापला ब्रश बदलतात. दोन उलटं मिळून सुलटं, म्हणून बाहेर एकच दिशा. हे चिरलेलं कडं म्हणजेच दिक्परिवर्तक, इंग्रजीत कम्युटेटर. त्याच्या लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ अदलाबदल करणे असाय, आपण तिथं दिशा घुसवली. माझ्या मते ‘अदलाबदल कडं’ म्हणलं असतं तर पोरांना लवकर कळलं असतं.

ही युक्ती जुनीय. फॅरेडेनं १८३१ ला चुंबकापासून करंट काढायचं तत्त्व दाखवलं, पुढच्याच वर्षी पॅरिसमधी पिक्सी नावाच्या कारागिरानं हातानं फिरवायचं यंत्र केलं, पण त्यातून उलटसुलट करंट निघायला लागला आणि तेव्हा लोकांना बॅटरीसारखा सरळ करंट पाहिजे होता. मग अँपिअरच्या सल्ल्यानं त्यानं कम्युटेटर बसवला.

जनरेटरला ‘जनित्र’ मात्र छान शब्द आहे हां. खणायचं ते खनित्र, तसं निर्माण करायचं ते जनित्र.

वायंडिंगवाला लातूर:
सर तुमचं पुस्तकी ठीकय पण आमच्या दुकानात कुणी दिक्परिवर्तक मागितला तर पोरगं चहा आणायला जाईल 😄 आम्ही फिरणाऱ्या अख्ख्या भागाला आर्मेचर म्हणतो, त्यात पत्र्याच्या पातळ चकत्यांचा गाभा, त्यावर वायंडिंग आणि टोकाला कम्युटेटर, सगळं एकाच शाफ्टवर. खऱ्या मशीनच्या कम्युटेटरला दोन तुकडे नसतात, तांब्याच्या भरपूर पट्ट्या असतात, म्हणून करंट हिसके न देता सपाट येतो. पट्ट्यांच्या मधी अभ्रक असतो. तांबं झिजलं आणि अभ्रक वर आला की कार्बन उड्या मारायला लागतो, ठिणग्या पडतात, मग अभ्रक कोरून खाली घ्यावा लागतो, हे काम लई किचकट. ब्रशला आम्ही कार्बनच म्हणतो, मिक्सरचे कार्बन गेले म्हणतेत ना तेच. पहिल्या काळात तांब्याच्या तारांची जुडी असायची, खराट्यासारखी, म्हणून नाव ब्रश पडलं. ‘कुंचला’ लिहू नका, रंगारी येईल.

अजून एक. जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो लई दिवस पडून राहिला तर फिरवूनही करंट देत नाही, कारण पोलच्या, म्हणजे चुंबकाच्या ध्रुवाच्या लोखंडात जे थोडंसं चुंबकत्व शिल्लक असतं त्याच्यावरच तो सुरू होतो, तेच उडालेलं असतं. बॅटरीचा करंट क्षणभर फील्डला, म्हणजे पोलवरच्या वायंडिंगला लावला की जागा होतो. गिऱ्हाईकाला वाटतं जादू केली, आणि पैसे द्यायच्या वेळेला म्हणतं नुसता तर टच केला.

सायकलवाला जालना:
मग सायकलचा डायनामो पण डीसीच ना?

मास्तर नांदेडचे:
नाही, तिथंच फसतेत सगळे. सायकलच्या डायनामोत चुंबक फिरतो, कॉइल जागेवर, कम्युटेटरच नाही, म्हणून एसी निघतो. बल्बला काय, दोन्ही चालतंय. खरं तर डायनामो म्हणजे कम्युटेटरवाला डीसी जनरेटर. नाव चिकटलं ते चिकटलं, आता कोण काढतंय.

परभणीकर:
पोरीला समजलं, कागदाची कडी कापून दाखवली. आता विचारायली योक म्हणजे काय.

वायंडिंगवाला लातूर:
बाहेरची बॉडी, पोल त्याला आतून बोल्टानं कसलेले असतात. इंग्रजीत योक म्हणजे जू, बैलाचं.

परभणीकर:
जू सांगतो मग. शिवळा कुठंयत विचारलं तर तुमच्या दुकानाचा पत्ता देतो.