मदत हवी आहे : प्रशिक्षणात बोलणारे सदस्य बैठकीत गप्प का बसतात?

मी सामाजिक संस्थांच्या कार्यकारी मंडळांना कारभार आणि नेतृत्व या विषयांचे प्रशिक्षण देते. सध्याच्या संस्थेच्या मंडळात 9 सदस्य आहेत, सर्व स्वयंसेवक आहेत आणि संस्थापकच अध्यक्ष आहेत. धोरण ठरवणे व देखरेख करणे हे मंडळाचे काम आणि दैनंदिन व्यवहार पाहणे हे कर्मचाऱ्यांचे, ही विभागणी सर्वांना तत्त्वतः मान्य आहे. प्रत्यक्ष बैठकीत मात्र किरकोळ खरेदीवर तासभर चर्चा होते आणि जमाखर्चाचा अहवाल न वाचताच मंजूर होतो.

आतापर्यंत 2 कार्यशाळा झाल्या. जबाबदाऱ्यांचा लेखी तक्ता केला, हितसंबंधांच्या संघर्षाचे (म्हणजे सदस्याचा स्वतःचा फायदा आणि संस्थेचे हित यांत टक्कर येते असे) प्रसंग सदस्यांकडून अभिनयातून करून घेतले, ताळेबंद वाचण्याचा सरावही घेतला. तिथे मोकळेपणाने प्रश्न विचारणारे सदस्य अध्यक्षांसमोर गप्प बसतात, त्यामुळे खरी अडचण माहितीची नसून संकोचाची आहे, असे मला वाटते. अध्यक्षांनी ही संस्था कष्टाने उभी केली आहे; त्यांना दुखावून काही साधावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. संस्थेच्या घटनेत पदाची कमाल मुदत नाही, परंतु ती दुरुस्ती सध्या शक्य नसल्याने तो उपाय कृपया सुचवू नये.

माझ्या हाती आता केवळ 3 तासांचे एक सत्र उरले आहे. ते सर्वांसाठी एकत्र घ्यावे, की तो वेळ अध्यक्षांशी स्वतंत्र संवाद आणि एका प्रत्यक्ष बैठकीचे निरीक्षण यांसाठी वापरावा? आणि ज्यांच्या अनुभवात असे मंडळ बोलते झाले, तिथे पहिला बदल नेमका कशाने घडला?