राउटर नुसता हँग होतो, त्यात एवढं काय?
एखाद्या त्रुटीमुळे राउटर नुसता हँग होत असेल तर काही जण म्हणतात, 'डेटा तर चोरीला जात नाही, राउटर बंद-चालू केला की झालं'. हे म्हणणं मला अर्धंच पटतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉम या दूरसंचार कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. मिराई या राउटर-कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांत शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा एक नवा अवतार पोर्ट ७५४७ वरून, म्हणजे कंपनी ज्या वाटेने राउटर दुरून सांभाळते तिथून, घुसू पाहत होता. गंमत म्हणजे त्या राउटरांत तो शिरलाच नाही. नुसत्या धडकांनी ते गारद झाले. आणि धडका चालूच असतील तर रीस्टार्ट किती वेळा करणार?

शिवाय सॉफ्टवेअरमधल्या मेमरी हाताळण्याच्या ज्या चुकीमुळे राउटर कोसळतो, तीच कधीकधी बाहेरचा कोड चालवायलाही वाट देते. म्हणून फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, बाहेरून होणारं रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा. अपडेट येणंच थांबलं असेल तर सरळ राउटर बदला.