मदत हवी आहे: यूएसबी वायफाय लावलं की सीडी दिसते, नेटवर्क नाही (लिनक्स मिंट २१)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. विंडोज फारच रखडायला लागलं म्हणून मागच्या रविवारी लिनक्स मिंट २१ टाकलं. मशीन आता मस्त पळतंय, अडलंय ते नेटवर. राउटर खाली, कॉम्प्युटर माडीवर आणि भिंती दगडी. केबल ओढता येत नाही. म्हणून यूएसबीचं छोटं वायफाय आणलं. खोक्यावर रिअलटेक ८८२१सीयू असं चिपचं नाव आहे.

ते लावलं की डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं. उघडलं तर आत विंडोजची सेटअप फाईल! वायफायची यादी रिकामीच. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी कमांड) ०बीडीए:१ए२बी आणि पुढे 'डिस्क' असं दिसतं. कर्नल (सिस्टीमचा गाभा) ५.१५ आहे. गिटहब या कोडच्या साइटवरचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) उतरवून तो बांधायला मेक ही कमांड चालवली, तर एररची लांबलचक रांग आली.

संध्याकाळी पाच-सहा मुलं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येतात. सध्या माझा मोबाईल यूएसबीने जोडून भागवतोय, पण मी घरी निघालो की त्यांचं नेट बंद. फार वाईट वाटतं. दुसरं कार्ड घ्यावं, की यातूनच वाट निघेल?

प्रतिसाद

कार्ड बदलू नका. ती सीडी म्हणजे कार्डाच्या पोटातलीच मेमरी. विंडोजवर ड्रायव्हर शोधत बसावं लागू नये म्हणून ते आधी सीडी बनून हजर होतं. चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट करा, कार्ड मात्र उपसू नका. एलएसयूएसबीतला आकडा ०बीडीए:सी८११ झाला की ते वायफाय बनलं.

एवढ्याने नेट येणार नाही. यूएसबीच्या ८८२१सीयूचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.२ पासून आहे, तुमचं ५.१५. मोबाईल जोडलेला ठेवून अपडेट मॅनेजर उघडा, व्ह्यू मेन्यूतल्या लिनक्स कर्नल्समधून ६.८ घ्या. जुनं कर्नल राहू द्या, काही बिनसलं तर ग्रबमधून (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेन्यूतून) त्यावर परतता येतं. गिटहबच्या वाटेला जाऊ नका. तो ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. वाचनालयात ते कोण करणार?

धागाकर्ता

६.८ टाकलं, इजेक्ट केलं आणि यादीत आमच्या राउटरचं नाव आलं! मनापासून आभार. फक्त मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा सीडी. मुलांना रोज इजेक्ट करायला सांगू का?

प्रतिसाद

नको. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज आहे का बघा. सीडीचं वायफाय करणं हेच त्याचं काम.

धागाकर्ता

नव्हतं. टाकलं, तीनदा बंद-चालू करून पाहिलं, आता थेट वायफायच येतं. काल मी सहालाच घरी गेलो, मुलं नऊपर्यंत बसली होती.