कॅरल ली फ्लिंडर्स : रांधप आणि संत स्त्रिया

प्रश्न (फोंडा) : १९७६ साली ‘लॉरेल्स किचन’ हे शाकाहारी पाककृतींचे पुस्तक दोघी सहलेखिकांसह लिहिणाऱ्या कॅरल ली फ्लिंडर्स पुढे मध्ययुगीन ख्रिस्ती संत स्त्रियांच्या अभ्यासक म्हणूनही ओळखल्या गेल्या; या दोन वाटा एकत्र कशा आल्या असाव्यात?

उत्तर (म्हापसा) : त्या ध्यान शिकवणारे गुरू एकनाथ ईश्वरन यांच्या शिष्या. १९९३ च्या ‘एन्ड्युरिंग ग्रेस’मधील सात संत स्त्रियांपैकी स्पेनमधील आविलाच्या तेरेजा यांनी देव भांड्याकुंड्यांतही वावरतो असे लिहून ठेवले आहे, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

उत्तर (डिचोली) : आपली जनाबाईही जात्यावर विठ्ठलालाच आळवते. श्रावणी सोमवारी आई शिवराक (शाकाहारी) खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचे कालवण, रांधते, तेव्हा तिरफळे ठेचून घालीपर्यंत ती कोणाशी बोलत नाही. ते मौन मला ध्यानच वाटते.