२२वा आठवडा, ७ किलो वाढलंय. रात्रीचं जेवण बंद करू का?

निळी_शाई:
पहिलंच बाळ आहे, उंची १५८ सेमी, दिवस जायच्या आधी वजन ६८ होतं, काल क्लिनिकच्या काट्यावर ७५ दिसलं. डॉक्टर म्हणाल्या जरा भराभर वाढतंय, लक्ष द्या, आणि पुढच्या पेशंटला हाक पण मारली. आता लक्ष द्या म्हणजे नक्की करू काय?? घरी आई नि सासूबाई दोघी मिळून ताटात वाढत असतात, दोन जिवांची आहेस खा गं, नाही म्हटलं की तोंडं उतरतात. पहिले तीन महिने पोट जरा रिकामं राहिलं की उलटी, म्हणून सारखं बिस्किट तोंडात टाकायचे, मळमळ १५व्या आठवड्यात गेली पण बिस्किटं काही गेली नाहीत 😐 रात्री जेवलेच नाही तर चालेल का? की भात सोडू?

दुपारची_झोप:
अगं उपाशी अजिबात राहू नकोस, वजन उतरवायची ही वेळच नाही, फक्त वाढायचा वेग कमी करायचाय. तुझा आधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७ च्या आसपास येतो, त्या गटात नऊ महिन्यांत मिळून साधारण ७ ते ११.५ किलो वाढ ठीक धरतात (१८.५ ते २५ च्या आत असेल तर ११.५ ते १६). तुझे ७ झालेत, १८ आठवडे राहिलेत, आठवड्याला पाव किलो धरलं तरी ४.५ होतात, म्हणजे बरोब्बर ११.५. गणित जमतंय अजून, घाबरू नकोस. आणि दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे गं, पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरी जवळपास लागतच नाहीत, नंतरच्या तीनात दिवसाला ३४० च्या आसपास, म्हणजे एक केळं, वाटीभर दही आणि मूठभर दाणे, संपलं! ते पण नॉर्मल वजनवालीसाठी, तुला त्याहून कमीच लागेल. तुझी सात-आठ बिस्किटं तेवढी सहज खाऊन टाकतात.

चालते_बोलते:
मी याच वाटेने गेलेय. २६व्या आठवड्यात ग्लुकोज टेस्टमध्ये शुगर निघाली (२४ ते २८ च्या मधे करतात, तुझी येईलच आता). डाएटिशियनने भात सोडायला नाही सांगितला, ताट बदललं फक्त. अर्धं ताट भाज्या, पाव भागात डाळ, अंडं, पनीर असलं काहीतरी, उरलेल्या पावात भात. ज्यूस बंद, फळ चावून खायचं. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो जेवल्यावर १५ मिनिटं चालण्याने, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर करच. आणि एक, लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, नीट लागत नाही, मी तीन महिने तेच करत होते आणि हिमोग्लोबिन का वाढत नाही म्हणून रडत होते.

काडीपैलवान:
सगळ्यांनी हा ७ ते ११.५ चा आकडा धरून बसू नका हां. माझा बीएमआय १८ होता, मला १२.५ ते १८ किलो वाढवायला सांगितलेलं, आणि बायका कौतुक करायच्या की पोट दिसतच नाही! डॉक्टर मात्र वैतागलेल्या. आणि निळी, दोन-चार दिवसांत एकदम किलो-दोन किलो वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं खूप दुखलं किंवा डोळ्यापुढे चमकायला लागलं तर खाण्याचा हिशोब करत बसू नकोस, त्याच दिवशी बीपी तपासून घे.

निळी_शाई:
थँक्यू गं सगळ्यांना, रात्रीचं जेवण चालू ठेवते. बिस्किटांचा डबा नवऱ्याच्या ऑफिसात पाठवला. सासूबाईंना बसवून सगळं सांगितलं, बाळ तीन-सव्वातीन किलोचं, वार पाऊण किलो, पाणी किलोभर, वाढलेलं रक्त दीड किलो, म्हणजे शेवटपर्यंत एवढं तर होणारच. त्यांनी शांतपणे ऐकलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, बाळ अजून अर्ध्या किलोचं पण नाही ना, मग हे सात कुणाचे?

दुपारची_झोप:
😂😂 सासूबाईंना इथे आयडी काढून द्या